आवाज कुणाचा? आणि किती?

गॅदरिंगला "आवाज कुणाचा?" म्हणून घसा फाडणारे आपण, पी.एल. लागली की मात्र शांततेचे कट्टर भक्त होतो. पण आमच्या होस्टेलच्या भिंतीला लागून एक लग्नाचं लॉन आहे, आणि लग्नसराई व परीक्षा यांचं टाइमटेबल बहुधा एकाच माणसाने बनवलंय! गेल्या मे महिन्यात पेपरच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालू होता. आमच्यातले चौघे विनंती करायला गेले. "एकच दिवस तर आहे" असं ऐकून परत आले. तेव्हा मी कायदाच वाचायला घेतला.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आता तुम्ही म्हणाल, ५५ चे ७५ झाले तर काय बिघडलं? अहो, स्केल लॉगॅरिदमिक आहे! दर १० डेसिबलला तीव्रता दहापट होते. रात्री ४५ च्या जागी ७५ म्हणजे हजारपट.

लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो उघड्यावर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. ती खाजगी लग्नासाठी नसते. शांतता क्षेत्रात मर्यादा आणखी कमी, ५० व ४०. पण २०१७ च्या दुरुस्तीनंतर सरकारने जाहीर केलं असेल तरच ते शांतता क्षेत्र. नुसतं "कॉलेज आहे" एवढं पुरत नाही.

मग करायचं काय? आधी नीट बोलून बघा. नाही जमलं तर ११२ ला फोन करून जागा, वेळ आणि आवाज कशाचा ते सांगा. मोबाईल ॲपचं रीडिंग अंदाजापुरतं ठीक; माइक कॅलिब्रेटेड नसतो.

"आपण बाहेरगावची पोरं, नाव कळलं तर?" ही भीती खरी आहे. पण मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की पोलिसांनी तक्रारदाराची ओळख उघड करू नये.

त्रास रोजचाच असेल, तर रेक्टर किंवा प्राचार्यांच्या सहीचं पत्र पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. ते लग्नसराईच्या आधी दिलेलं बरं. त्यापुढे कार्यकारी दंडाधिकारी आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली ते उपद्रव थांबवण्याचा आदेश काढू शकतात. दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूमही मिळतो, पण त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो.

जे बाहेर फ्लॅट घेऊन राहतात त्यांनी वरच्या मजल्यावरच्या आवाजासाठी आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी कळवावं. शेजाऱ्याशी रोज जिन्यात गाठ पडते, थेट पोलीस बोलावले तर वर्षभर तोंडं फिरलेली राहतात.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं, की शांतपणे जगणं हा जीवनाच्या अधिकाराचाच भाग आहे. नको असलेला आवाज दुसऱ्याच्या कानावर लादण्याचा हक्क कुणालाच नाही. कुणालाच म्हणजे रात्री बाराला गच्चीवर स्पीकर लावून बर्थडे करणाऱ्यांनाही नाही. भिंतीपलीकडेही कुणाचा तरी दहावीचा पेपर असतो!