हरलेल्या दिवसाचे गाणे

पंचांगात सगळे दिवस एकाच मापाने मांडलेले असतात. परंतु लोकांच्या स्मरणात त्यांची किंमत सारखी नसते. काही दिवस सणांमुळे मोठे होतात, काही विजयांमुळे, आणि एखादा दिवस असा असतो की जो पराभवामुळे मोठा झालेला असतो. १४ जानेवारी हा महाराष्ट्राच्या दृष्टीने असा दिवस आहे. ह्या दिवशी घरोघर तिळगूळ वाटला जातो, गोड बोलण्याची आठवण एकमेकांस दिली जाते. आणि त्याच दिवशी दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर, पानिपत शहराबाहेर, महाराष्ट्रातून मुद्दाम गेलेली माणसे एका विटांच्या स्तंभापुढे हात जोडून उभी राहतात. त्या जागेचे नाव काला अंब.

तेथे पूर्वी आंब्याचे एक झाड होते. १७६१ च्या संग्रामात इतके रक्त सांडले की ते मातीत मुरून त्या आंब्याची पानेदेखील काळवंडली, अशी लोकसमजूत आहे. झाड पुढे वठून गेले आणि त्याच्या जागी हा स्तंभ उभा राहिला. समजुतीतील काळा रंग वनस्पतिशास्त्राला पटो वा न पटो, नाव मात्र टिकून राहिले. युद्धभूमीचा मैलोन्‌मैल पसरलेला विस्तार लोकांनी एका झाडाच्या सावलीत आणून ठेवला. दिवसाचेही तसेच झाले. कित्येक महिन्यांची ती मोहीम एका तारखेत सामावली.

ती मोहीम थोडक्यात अशी. १७६० च्या आरंभी उदगीर येथे निजामावर विजय मिळविलेली मराठ्यांची फौज सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली उत्तरेकडे निघाली. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुऱ्याचा किल्ला पडला. परंतु अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा, पर्यायाने दक्षिणेकडचा रस्ता अडला. नोव्हेंबरच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये पानिपताच्या परिसरात समोरासमोर तळ देऊन राहिली. रसद तुटली, माणसे आणि जनावरे उपाशी पडू लागली. अखेर पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी सकाळी मराठे छावणीबाहेर पडले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आरंभी शत्रूची फळी खिळखिळी केली. दुपारनंतर विश्वासरावांस गोळी लागली. भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. संध्याकाळपर्यंत सर्व संपले होते.

ह्या दिवसाविषयी एक समज महाराष्ट्रात दृढ आहे. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली आणि त्यावरूनच ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला, असे पुष्कळ जण सांगतात. गणित मात्र निराळे सांगते. मकरसंक्रांत सूर्याच्या राशिप्रवेशावर अवलंबून असते, आणि आपल्या पंचांगातील नाक्षत्र वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे आहे. हा फरक साठत जातो आणि संक्रांत सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी, संक्रांतीच्या दिवशी झाला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. त्याच्याही शंभर वर्षे मागे गेले म्हणजे संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. तेव्हा १७६१ साली भाऊंची फौज रणात उतरली, त्यापूर्वी सुमारे चार दिवस आधीच सूर्य मकरेत गेलेला होता. संक्रांतीच्या अधिक जवळचा दिवस कोणता म्हणावयाचा, तर तो त्याच्या आदल्या वर्षाचा. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. राहता राहिला वाक्प्रचार. संक्रांत ही देवता विशिष्ट वाहनावर बसून येते, ती जिकडे पाहते तिकडे संकट ओढवते, असे वर्णन पंचांगात दरवर्षी वाचले जाते. त्या वाक्प्रचाराचे मूळ ह्या कल्पनेतही सहज सापडते.

मग लोकांचा समज खोटा म्हणून टाकून द्यावा काय? तसे करण्याचे कारण नाही. तारखेच्या बाबतीत तो चुकला, पण भावनेच्या बाबतीत चुकला नाही. ज्या दुःखाला घराघरांत जागा हवी होती, त्या दुःखाने घराघरांत पाळला जाणारा जवळचा सण गाठला, इतकेच.

जागेची गरज होती, कारण पानिपतच्या दुःखाला एक विलक्षण अडचण होती. आपल्याकडे मृताचे स्मरण तिथीने होते. तिथी कळली तर श्राद्ध होते, पिंड पडतो, घर सावरते. पानिपतावर गेलेल्या असंख्य माणसांचे नेमके काय झाले, हे त्यांच्या घरी कधीच कळले नाही. कोणी रणात पडले, कोणी पळताना मारले गेले, कोणी गुलाम म्हणून नेले गेले. पेशव्यांच्या घरातही हीच कथा. भाऊंचा म्हणून एक शिरविरहित देह ओळखला गेला आणि त्यास अग्नी दिला गेला. पण ती ओळख सर्वांस पटली नाही. पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परत आल्या. त्यांनी पतीचा मृत्यू मानला नाही. १७६३ साली त्या निवर्तल्या, त्या सौभाग्यचिन्हे लेवूनच. भाऊ जिवंत असावेत ही आशा इतकी चिवट होती की पुढे भाऊ म्हणवून घेणारा एक तोतया उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले, आणि १७७६ साली त्याला देहदंड देईपर्यंत प्रकरण मिटले नाही. नानासाहेब पेशव्यांस आलेल्या सावकारी पत्रातही माणसांची नावे नव्हती. मोती, मोहरा, रुपये आणि खुर्दा ह्यांच्या सांकेतिक भाषेत ती हानी कळविलेली होती. त्यांतील खुर्द्याची, म्हणजे सामान्य शिपायाची, गणतीच लागत नव्हती. त्याच वर्षी २३ जून रोजी नानासाहेबांचाही पुण्यास पर्वतीवर अंत झाला.

जेथे तिथी नाही तेथे गाणे कामी येते. मराठी मुलुखात हे काम शाहिरांकडे होते. पोवाडा हा केवळ मनोरंजनाचा प्रकार नव्हे. डफाची थाप, तुणतुण्याची एकतारी साथ, झांजा, आणि मागे ‘जी जी’ म्हणून सूर धरणारे साथीदार, ह्यांच्या आधारे शाहीर घडलेली गोष्ट लोकांसमोर सांगतो. आरंभी नमन असते, शेवटी रचणाऱ्याच्या नावाची छाप असते, आणि मध्ये नावे असतात. कोण आला, कोण लढला, कोण पडला, ह्यांच्या नावांच्या माळाच्या माळा पोवाड्यात ओवलेल्या असतात. आजच्या वाचकास त्या कंटाळवाण्या वाटतात. परंतु ज्याच्या घरचे माणूस गेले आहे, तो त्या माळेत एकच नाव ऐकण्यासाठी बसलेला असे.

महत्त्वाच्या दिवसांशी पोवाड्याचे नाते जुने आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. त्यावर अज्ञानदासाचा पोवाडा आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी देह ठेवून सिंहगड दिला. त्यावर तुळशीदासाचा पोवाडा आहे. ११ मार्च १७९५ च्या खर्ड्याच्या लढाईवर अनंत फंदीने रचना केली. हे सारे जिंकलेले दिवस. विजयाचे गाणे रचणे त्या मानाने सोपे. ऐकणारे आधीच प्रसन्न असतात. पण शाहिरांनी पानिपतावरही पोवाडे रचले, आणि ते गायिले गेले, ही त्या परंपरेच्या थोरवीची खूण आहे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम ह्यांनी १८९१ साली ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला नसता, तर ह्यांतील कितीतरी रचना गाणाऱ्यांबरोबरच लयास गेल्या असत्या. विशेष असे की हे स्मरण एका बाजूचेच राहिले नाही. ज्या मुलखात रण झाले, त्या हरियाणाच्या लोकगीतांतही भाऊंचे नाव राहिले. सारंगीवर कथा गाणाऱ्या जोग्यांनी परमुलखातून आलेल्या त्या सेनापतीला आपल्या गाण्यात थारा दिला.

गाणे आणि पंचांग ह्यांचा हा संबंध पुढेही तुटला नाही. १ एप्रिल १९५५ रोजी पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. तो दिवस निवडला होता तो रामनवमी म्हणून. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली आणि सुधीर फडक्यांनी स्वरबद्ध केलेली ती गीते आठवड्यास एक ह्या क्रमाने वर्षभर चालावयाची होती. परंतु त्या वर्षी अधिक मास आला, पुढची रामनवमी लांबली, आणि गीतांची संख्या ५६ झाली. पंचांगाने महिना वाढविला आणि मराठी श्रोत्यांच्या पदरात चार गीते अधिक पडली.

पानिपताचा संगीताशी आणखी एक संबंध आहे, आणि तो पोवाड्याहून दूरवर पोहोचणारा आहे. त्या रणातून महादजी शिंदे पायास जबर जखम होऊन निसटले. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांस वाचविले, आणि महादजींनी त्यास जन्मभर भावाचा मान दिला. महादजींनी पुढे उत्तरेत शिंद्यांचे राज्य पुन्हा उभे केले, आणि त्यांच्या वारसांनी ग्वाल्हेर ही राजधानी केली. त्याच दरबाराच्या आश्रयाने हद्दू खाँ आणि हस्सू खाँ ह्या बंधूंची ख्याल गायकी बहरली. ती विद्या त्यांनी मराठी शिष्यांसही दिली. वासुदेवबुवा जोशी हे त्यांपैकी एक. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर उत्तरेत जाऊन वासुदेवबुवांजवळ शिकले आणि ही गायकी घेऊन दक्षिणेत परतले. मिरजेस त्यांच्याजवळ कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर तयार झाले.

विष्णु दिगंबर गुरुगृह सोडून उत्तरेकडे निघाले आणि गावोगाव गात पंजाबात पोहोचले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. १७५८ साली मराठ्यांच्या फौजांनी जे लाहोर घेतले आणि पानिपतानंतर जे कायमचे दुरावले, तेथे मराठी माणूस पुन्हा गेला तो तंबोरा घेऊन. सामान्य घरांतील मुलामुलींस स्वरलिपीच्या साहाय्याने गायन शिकवावे, गवयास समाजात मान मिळावा, हा त्याचा हेतू होता. ही विद्या मागे घेण्याची वेळ कोणत्याही शत्रूने आणली नाही. ५ मे हा दिवस महाराष्ट्राच्या स्मरणात १४ जानेवारीच्या शेजारी ठेवण्याजोगा आहे.

तिसरा दिवसही जानेवारीतलाच, आणि काला अंबपासून फार दूरचा नव्हे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हिमालयाच्या सीमेवर चीनशी झालेल्या युद्धात भारतास पराभव पत्करावा लागला. थंडीत, उंचावर, अपुऱ्या साधनांनिशी लढलेले कितीतरी जवान परत आले नाहीत. त्यानंतर दोन महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ रोजी, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर राष्ट्रपती राधाकृष्णन आणि पंतप्रधान नेहरू ह्यांच्या उपस्थितीत लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत गायिले. कवी प्रदीप हे जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील बडनगरचे, संगीतकार सी. रामचंद्र हे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे चितळकर, आणि गायिकेचा जन्म होळकरांच्या इंदूरचा. शिंदे आणि होळकर ही दोन्ही नावे पानिपतच्या हकिकतीतली. ह्यात कोणी योजना केलेली नव्हती. परंतु उत्तरेत पसरलेल्या मराठी वस्तीचा दोनशे वर्षांचा इतिहास त्या एका व्यासपीठावर नकळत एकत्र आला होता.

त्या गीतात जयघोषाचा आवेश नाही. आपण जिंकलो असे ते म्हणत नाही, कोणाला दोषही देत नाही. जे घरी आले नाहीत त्यांची आठवण ठेवा, एवढेच ते मागते. पानिपतच्या शाहिराचेही मागणे ह्याहून वेगळे नव्हते. पराभव झाला म्हणजे दरबारात चुकांची चर्चा सुरू होते. भाऊंचे चुकले की मल्हाररावांचे, हा वाद आजही मिटलेला नाही आणि इतिहासकारांना तो करावाच लागेल. परंतु ज्या आईचा मुलगा गेला, तिला त्या वादात उत्तर मिळत नाही. तिला आपल्या मुलाचे नाव कोणी तरी चारचौघांत, उघड्या आवाजात घ्यावयास हवे असते. हे काम गाणे करते.

अलीकडे १४ जानेवारी हा दिवस काला अंब येथे शौर्यदिन म्हणून पाळला जातो. पौषातील थंडी आणि धुके तेथे आजही तसेच असते. सभोवती शेते आहेत, पलीकडून दिल्लीचा हमरस्ता वाहतो. अशा सकाळी तेथे कोणी शाहीर डफावर थाप देऊन नावांची ती लांबलचक माळ म्हणू लागला, तर ऐकणाऱ्याने ती संपेपर्यंत उभे राहावे. ज्यांची तिथी कधी कोणास कळली नाही, त्यांच्या श्राद्धाचा तोच दिवस आहे.