टाकाऊ पोशाखाचा उपग्रह

उपग्रह म्हटला की अवाढव्य कारखाना, अमाप खर्च आणि शास्त्रज्ञांची पलटण डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु ३ फेब्रुवारी २००६ रोजी टोकारेव्ह व मॅकआर्थर या अंतराळवीरांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर येऊन एक उपग्रह सोडला, तो अडगळीतला होता. मुदत संपलेला एक रशियन ऑर्लन पोशाख त्यांनी घेतला होता. त्यात जुने कपडे कोंबले होते, बॅटऱ्या व लहानसा रेडिओ प्रक्षेपक बसवला होता. शिरस्त्राणावर अँटेना लावलेले हे बुजगावणे हातांनी मागे ढकलले, आणि झाला उपग्रह! त्याचे नाव सूटसॅट.

नुसत्या ढकलण्याने उपग्रह कसा होतो, असे कोणी विचारील. स्थानक ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरत असते. त्यातला पोशाखही त्याच वेगाने फिरतो. अग्निबाणाचे काम आधीच झालेले असते. मागे ढकलायचे ते एवढ्यासाठी की, पोशाख किंचित खालच्या कक्षेत जावा आणि स्थानकावर पुन्हा आदळू नये.

पोशाखाने मुलांचे ध्वनिमुद्रित निरोप ऐकवले, आतले तापमान सांगितले. आवाज फारच क्षीण होता, दोनेक आठवड्यांत तोही थांबला. सप्टेंबरात पोशाख वातावरणात जळून गेला.

आता, अशाच सामानातून हवामानाचा उपग्रह करता येईल काय? तापमापक असून भागत नाही. काखेत तापमापक धरून गावची हवा कशी कळणार? कॅमेरा हवा, आणि तो पृथ्वीकडे वळलेला हवा. खरी मेख इथेच आहे. गटांगळ्या खाणाऱ्या पोशाखातला कॅमेरा क्षणात सूर्य टिपील, क्षणात काळोख.

यावरचा जुना उपाय भोवऱ्याचा. फिरता भोवरा आपला आस सोडत नाही. पण आकार चुकला तर हा उपाय अंगाशी येतो. १९५८ चा एक्सप्लोरर-१ लांबट होता. लांबीच्या आसाभोवती फिरवला, तर थोड्याच वेळात काठीसारखा आडवा गरगरू लागला. पोशाखाचेही तेच होईल. १ एप्रिल १९६० रोजी सुटलेला टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह मात्र बसक्या डब्यासारखा होता, म्हणून तो स्थिर फिरला. तेव्हा अडगळीतून निवडायचेच झाले तर, आमच्या मते, पोशाख नको, परातीसारखे काही घ्यावे. कॅमेरा तळाशी बसवावा आणि सोडताना हातानेच गिरकी द्यावी.

उणीव राहतेच. आस अवकाशात एकाच दिशेला रोखलेला, म्हणून तळचा कॅमेरा प्रत्येक फेरीत काही काळच पृथ्वी पाहतो. टायरॉस-१ चीही हीच अडचण होती, आणि तो चालला अवघे ७८ दिवस. तेवढ्यात त्याने सुमारे २३,००० चित्रे धाडली. त्यांतल्या एकात, एप्रिल १९६० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील समुद्रावर घोंघावणारे चक्रीवादळ स्पष्ट दिसत होते.