मान वाकडी झाली, म्हणजे झटकाच?

गेल्या आठवड्यात गोचीड तापात रक्तातल्या प्लेटलेट्स कशा घसरतात ते पाहिलं. त्या प्लेटलेट्स आजही भेटतील, पण जरा उशिरा.

बारा-तेरा वर्षांचा लॅब्रडोर. रात्री नीट जेवून झोपलेला, पहाटे उठायला जातो आणि धाडकन कुशीवर पडतो. मान एकीकडे कललेली, पाय फाकलेले, तोंडाला लाळ, एखादी उलटी. घरातले म्हणतात, ‘लकवा मारला.’ दुपारपर्यंत शेजारचं कुणीतरी सुचवतंही, ‘आता कशाला हाल करायचे त्याचे?’ हा सल्ला निदान त्या दिवशी तरी ऐकू नका. म्हाताऱ्या कुत्र्याची अशी अवस्था होते तेव्हा अनेकदा तो मेंदूचा झटका नसतोच. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तीच एकाएकी बिघडलेली असते. का बिघडली, ते पुष्कळदा कळत नाही. पण दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री हिंडू-फिरू लागतात. मान थोडी वाकडी राहून जाते कधी कधी, कुत्र्याचं त्यामुळे काही अडत नाही.

खरा झटकाही येतो. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते. माणसाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचते तशी कुत्र्यांत क्वचितच साचते. त्यांच्याकडे मूळ असतं ते मूत्रपिंडाचा विकार, वाढलेला रक्तदाब, कुशिंग (संप्रेरकांचा एक विकार), हृदयविकार यांत. कितीतरी वेळा काहीच सापडत नाही. आणि प्लेटलेट्स फार घसरल्या किंवा उंदराचं औषध पोटात गेलं, तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मग ओळखायचं कसं? माणसाचं तोंड वाकडं झालं की आपण सावध होतो, ती खूण इथे फसवी. कुत्र्याचा ओठ कानाच्या जुनाट दुखण्यानेही लोंबतो. त्यापेक्षा डोळे पाहा. बुबुळं आडवी भिरभिरत असतील तर दोष कानातला किंवा मेंदूतला, कुठलाही असू शकतो. वर-खाली भिरभिरत असतील तर संशय मेंदूवर. दुसरी खूण पंजाची. कुत्र्याला पोटाखाली हात देऊन उभं करा आणि एक पंजा उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा टेकवा. धडधाकट कुत्रं तत्क्षणी तो सरळ करतं. तसाच राहिला तर मेंदूपासून पायापर्यंतच्या वाटेत कुठेतरी गडबड आहे. (ती पाठीच्या मणक्यातही असू शकते, म्हणून घरच्या घरी निदान पक्कं करायला जाऊ नका.) कुत्रं गुंगीत असेल, हाकेला कान टवकारत नसेल, तर मात्र प्रकरण गंभीर समजा. पक्कं सांगतो तो एमआरआय, आणि तो करायला बहुतेकांना मोठ्या शहरातच जावं लागतं.

डॉक्टरांकडे त्याच दिवशी जायचं. निघण्याआधी डोळ्यांचा आणि चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत लक्षणं बदलतात. जिन्यापासून लांब, खाली जमिनीवर गादी टाका. भोवळ असताना तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं. आणि घरातल्या आजोबांची ॲस्पिरिन तर मुळीच नको: रक्तस्राव असेल तर ती तो वाढवेल. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी तर कुत्र्याची किडनी-लिव्हर कामातून जाऊ शकते.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन कुत्र्यांत सहसा वापरत नाहीत. उपचार मूळ रोगाचा, बाकी सगळी शुश्रूषा: दर काही तासांनी कूस बदलणं, मऊ अंथरूण, शी-शूसाठी टॉवेलच्या झोळीने आधार. कुत्र्याचं चालणं माणसाइतकं मोठ्या मेंदूवर अवलंबून नसतं, त्यामुळे पहिले काही दिवस तरली तर बरीच कुत्री काही आठवड्यांत पुन्हा पायांवर उभी राहतात.

अंग ताठ होऊन फिट येत असेल तर घड्याळ लावा. पाच मिनिटांवर गेली किंवा दिवसभरात दुसऱ्यांदा आली, तर वाट न पाहता दवाखाना गाठा; तोंडात हात किंवा चमचा घालू नका. फिटविषयी सविस्तर पुढच्या आठवड्यात.