मिरचीच्या गावाने कॅमेरा बाहेरून का आणावा?

भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण तिखटाचे पाकीट उचलणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला ते सांगणार कोण? उत्पादकांचा गट असो, बचत गट असो की जिल्हा परिषदेची शाळा, अशा लहान संस्थांना आज तीन-चार मिनिटांचा स्वतःचा व्हिडिओ हवा असतो आणि शहरातल्या एजन्सीचा दर त्यांना झेपत नाही. माझ्या मते त्यांनी ते काम तालुक्यातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे द्यावे. कॅमेरा, एडिटिंगचा संगणक आणि तो चालवणारा सरावलेला हात त्याच्याकडे आधीच असतो. शिवाय पौषात लग्नाचे मुहूर्त फारसे नसतात, आणि लाल मिरचीची तोडणी त्याच थंडीत येते. सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या जागेवर, बायका देठ खुडत बसलेल्या असतात, तेव्हाच तो मोकळा असतो. एकेकट्या संस्थेने त्याला बोलावण्यापेक्षा तिघी-चौघींनी मिळून एक दिवस ठरवला, तर भाडे आणि जाण्यायेण्याचा खर्चही वाटला जातो.

साधी साधने पुरतात, याचे पुरावे जुने आहेत. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये कष्टकरी बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हते. मालेगावात शेख नासिर यांनी सुमारे ५० हजार रुपयांत ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट उभा केला. पण सर्वांत बोलका दाखला कर्नाटकातला आहे. ‘डिजिटल ग्रीन’ या उपक्रमाने तिथल्या शेतकऱ्यांचेच साधे व्हिडिओ गावात दाखवले आणि त्यावर चर्चा घडवली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तेरा महिन्यांच्या, १६ गावांतल्या प्रयोगात काही शेती पद्धतींचा स्वीकार जुन्या कृषी विस्तार पद्धतीच्या सातपट झाला, आणि खर्चाच्या मानाने परिणाम किमान दहापट निघाला.

यावर कोणी म्हणेल, ते प्रेक्षक शेतकरी होते, गिऱ्हाईक चकचकीतपणा मागते. हा फरक खरा आहे आणि कर्नाटकातल्या आकड्यांनी तो मिटत नाही. मात्र तिखट घेणाऱ्याची पहिली शंका भेसळीची असते. तिला उत्तर म्हणून वाळत घातलेली मिरची, निवडणारे हात आणि नाव सांगून बोलणारा शेतकरी दिसला, तर ड्रोनच्या दृश्यापेक्षा त्याचे वजन जास्त पडते. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: लग्नाचा शूटिंगवाला सातऱ्यालाही लग्नासारखेच रंगवील, स्लो मोशन टाकील, वर सिनेमातले गाणे चढवील. तसे होतेच, कारण आपल्याला काय हवे ते संस्था कागदावर लिहून देत नाही. कोण बोलणार, त्याला काय विचारायचे, कोणते काम जवळून दाखवायचे, एवढे एक पान गटाने स्वतः लिहावे. गाणे तर टाळावेच. परवानगी नसलेल्या संगीतामुळे यूट्यूबवर हक्काचा दावा येऊ शकतो.

मोबाइल असताना पैसे कशाला, असेही विचारले जाते. चित्रणाला मोबाइल चालेल. पण तासाभराच्या चित्रणातून नेमकी तीन मिनिटे काढणे हे वेळखाऊ कसब आहे आणि त्याचे दाम द्यायलाच हवे. बाकी काटकसर कुठेही करा, आवाजात करू नका. वाऱ्यात आणि ट्रॅक्टरच्या घरघरीत बोलणे हरवले, तर एडिटिंगमध्ये ते फारसे परत मिळत नाही. म्हणून कॅमेऱ्याच्या नव्या लेन्सआधी कॉलरला लावायचा माइक घ्यावा.