‘निगेटिव्ह’ म्हणजे कॅन्सर नाही, असे नव्हे

स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून कॅन्सर निघाला की ‘आयएचसी’ नावाची आणखी एक तपासणी होते. त्या कागदावर ‘निगेटिव्ह’ वाचून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. इथेच घात होतो. ही तपासणी कॅन्सर आहे की नाही ते सांगत नाही. गाठीच्या पेशींवर कोणती प्रथिने आहेत, ते सांगते. त्यावरून आजार कसा वागेल आणि कोणते औषध लागू पडेल, याचा अंदाज येतो.

ईआर, पीआर : ही पॉझिटिव्ह असतील तर गाठ शरीरातल्या स्त्री-हार्मोनवर वाढते. त्यावर टॅमॉक्सिफेनसारखी रोजची गोळी असते, साधारण पाच वर्षे किंवा जास्त. बरे वाटते म्हणून मध्येच बंद करू नका.

हर-टू : १९८७ साली अमेरिकेत डॉ. डेनिस स्लेमन यांनी दाखवले, की ज्यांच्या गाठीत हर-टूचे जनुक जास्त, त्यांचा आजार लवकर उलटतो. पण मग त्याच प्रथिनावर नेम धरणारे औषध तयार झाले, ट्रास्टुझुमॅब. १९९८ साली त्याला तिथे मान्यता मिळाली. आता भारतातल्या कंपन्याही ते बनवतात. रिपोर्टमध्ये ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ असेल तर निकाल पक्का नाही, ‘फिश’ तपासणी करावी लागते.

तिन्ही निगेटिव्ह : या प्रकाराला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात. तो वेगाने वाढतो, म्हणून उपचाराला उशीर नको. केमोथेरपी त्यावर चालते.

केआय-६७ : किती टक्के पेशी वाढीला लागल्या आहेत, ते हा आकडा सांगतो.

एकट्या आकड्यावरून घाबरू नका. गाठ केवढी, काखेत पसरली का, हेही डॉक्टर पाहतात. वाईट खूण म्हणजे नशीब नव्हे. हर-टूने तेच दाखवून दिले.

बायांनो, एवढे करा : सगळे रिपोर्ट एका फायलीत ठेवा. दवाखाना बदलताना गाठीचा मेणातला ‘ब्लॉक’ आणि काचपट्ट्या मागून घ्या. डॉक्टरांना विचारा, “माझे ईआर, पीआर, हर-टू काय आले?” खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या.