जर्मन शौर्यपदके आणि फितींची भाषा



सैनिकी गणवेशावर डाव्या खिशाच्या वर रंगीत फितींची एक आखूड पट्टी असते, ती आपण सर्वांनी पाहिलेली आहे. पाहणाऱ्याला ती शोभेची वस्तू वाटते. जाणकाराच्या दृष्टीने मात्र ती त्या सैनिकाची सेवापत्रिका असते. तो कोणत्या युद्धात होता, आघाडीवर होता की पिछाडीस, कोणत्या राजाची चाकरी त्याने किती वर्षे केली, हे सारे त्या चार-पाच रंगांत लिहिलेले असते. आज आपण जर्मनीची पदके आणि त्यांच्या फिती यांचा विचार करणार आहोत. जर्मनीच निवडण्याचे कारण असे की, तेथे एका माणसाच्या आयुष्यात सम्राट गेला, प्रजासत्ताक आले, हुकूमशाही आली आणि देश दुभंगला. या प्रत्येक उलथापालथीची खूण पदकांवर उमटलेली आहे. शिवाय या पदकांना आज जगाच्या बाजारात मोठी मागणी आहे, आणि जेथे मागणी असते तेथे लबाडीही असतेच.

लोखंडाचा मान

आरंभ ‘आयर्न क्रॉस’पासून केला पाहिजे. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने १० मार्च १८१३ रोजी हे पदक स्थापन केले. ही तिथी त्याच्या दिवंगत राणीच्या, लुईझेच्या, जन्मदिवसाची होय. नेपोलियनने प्रशियाला पुरते नागवले होते. खजिना रिकामा होता. स्त्रियांनी सोन्याचे दागिने युद्धनिधीस देऊन त्यांच्या बदली लोखंडाचे अलंकार घेतले, असा तो काळ होता. अशा वेळी सोन्याहून लोखंडाला मान आला. ओतीव लोखंडाचा काळा गाभा आणि भोवती चांदीची कड, एवढीच या क्रूसाची घडण. त्याच्या आराखड्यात कार्ल फ्रेडरिक शिंकेल या थोर वास्तुशिल्पकाराचा हात होता. दुसरी विशेष गोष्ट म्हणजे हे पदक सरदार आणि शिपाई दोघांनाही सारख्याच हक्काने मिळू शकत असे. त्या काळच्या युरोपात ही लहानसहान गोष्ट नव्हती.

हा क्रूस पुढे १८७०, १९१४ आणि १९३९ या तीन युद्धप्रसंगी पुन्हा चालू करण्यात आला. नवशिक्या संग्राहकाची पहिली फसगत येथेच होते. या तिन्ही पुनरावृत्तींच्या एका बाजूवर मूळ स्थापनेची आठवण म्हणून ‘१८१३’ हा आकडा आहेच. तो वाचून माणूस समजतो की, आपल्या हाती नेपोलियनच्या काळची वस्तू आली! म्हणून क्रूस उलटून दुसरी बाजू पाहावी. तेथे मुकुट, ‘डब्ल्यू’ हे अक्षर आणि १९१४ असेल, तर तो पहिल्या महायुद्धाचा. स्वस्तिकाकृती चिन्ह आणि १९३९ असेल, तर तो नाझी राजवटीचा. त्या चिन्हाला जर्मन भाषेत ‘आकड्यांचा क्रूस’ अशा अर्थाचे नाव आहे. आपल्या उंबरठ्यावरील मंगलचिन्हाशी त्याचे आकाराचे साम्य आहे, अर्थाचे नाही.

फीत कशी वाचावी

द्वितीय श्रेणीचा क्रूस फितीने छातीवर टांगत. रणांगणावर नुसती फीत कोटाच्या काजात अडकवीत. प्रथम श्रेणीचा क्रूस मात्र फितीविना थेट छातीवर टाचलेला असे. याचा अर्थ असा की, फीतपट्टी प्रथम श्रेणीविषयी काहीच बोलत नाही. पट्टीवर जे नाही ते मिळालेच नव्हते, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

१८१३ ते १९१४ पर्यंतच्या क्रूसाची फीत लढवय्यांसाठी काळी व पांढऱ्या काठांची असे; न लढणाऱ्यांसाठी तेच रंग उलटे, म्हणजे पांढरी फीत आणि काळे काठ. १९३९ साली मध्ये रुंद तांबडा पट्टा, त्याच्या दोन्ही अंगांस पांढरा आणि कडेला काळा, अशी नवी फीत झाली. एवढा भेद ध्यानात राहिला तरी दोन महायुद्धे वेगळी ओळखता येतात.

पण जर्मन साम्राज्य म्हणजे एकच राज्य नव्हते. बव्हेरिया, सॅक्सनी, व्हुर्टेंबर्ग, बाडेन यांचे आपापले राजे वा ड्यूक होते आणि प्रत्येकाची आपापली पदके होती. हँबुर्ग, ब्रेमेन व ल्यूबेक या तीन व्यापारी नगरांनीसुद्धा १९१५ साली आपापले तांबड्या मिन्याचे क्रूस काढले. सॅक्सनीचा सेंट हेन्री हा सैनिकी मानसंप्रदाय १७३६ सालचा. त्याची फीत आकाशी, पिवळ्या काठांची. बव्हेरियाचा माक्स योसेफ सन्मान मिळालेल्या बव्हेरियन अधिकाऱ्यास तहहयात ‘रिटर फोन’ असे सरदारकीचे बिरुद लाभे. म्हणून आयर्न क्रॉसशेजारची फीत कोणत्या राज्याची, हे कळले की त्या माणसाचा मुलूख बहुधा कळतो.

आता एक पट्टी वाचून पाहू. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताकडून आरंभ करावा. मोठा मान तेथे असतो. पहिली फीत काळी, पांढऱ्या काठांची, आणि तिच्यावर १९३९ लिहिलेला लहानसा गरुड. दुसरी फीत बव्हेरियाची. तिसरीवर दोन तलवारींची बारीक फुली. चौथी निळी, वर चिमुकला गरुड. पहिलीचा अर्थ असा की, या माणसाने पहिल्या महायुद्धात द्वितीय श्रेणीचा क्रूस मिळवला आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा त्यास पात्र झाला. दुसरीवरून तो बव्हेरियन सैन्यात असावा. तिसरी फीत १३ जुलै १९३४ रोजी स्थापन झालेल्या महायुद्ध-सन्मानक्रूसाची. तलवारी आहेत, अर्थात तो आघाडीवर लढला. चौथी १९३६ साली सुरू झालेल्या सेवापदकाची. ते ४, १२, १८ आणि २५ वर्षांच्या नोकरीसाठी मिळे. चार फितींत पंचवीस वर्षांचे चरित्र आले!

आपल्याशी आलेला संबंध

ही सारी परक्यांची कथा आहे, असे कोणी समजू नये. पहिल्या महायुद्धातील काही जर्मन पट्ट्यांवर तांबडी-पांढरी तुर्की फीत आढळते. ती १९१५ साली सुलतानाने काढलेल्या युद्धपदकाची, आणि तुर्की सैन्यासह लढलेल्या जर्मनांना ती मिळाली. मेसोपोटेमियात कुट येथे इंग्रजांच्या हिंदी फौजेला ज्या तुर्की सैन्याने वेढा घातला, त्याची सूत्रे फोन डेर गोल्ट्झ या वृद्ध जर्मन सेनानीकडे होती. आत अडकलेली फौज म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. गोल्ट्झ १९ एप्रिल १९१६ रोजी बगदादेत वारला आणि दहाच दिवसांनी, २९ एप्रिलला, कुट पडले. त्या तांबड्या-पांढऱ्या फितीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याकडच्या कित्येक घरांतील दुःख बांधलेले आहे.

दुसरा संबंध नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा. जर्मनीत असताना १९४२ साली त्यांनी आझाद हिंदची पदके स्थापन केली. शेर-ए-हिंद, सरदार-ए-जंग, वीर-ए-हिंद आणि शहीद-ए-भारत अशी त्यांची नावे. ती व्हिएन्नात घडवली गेली आणि हिंदी सैनिकांप्रमाणे काही जर्मनांनाही मिळाली. मात्र महायुद्धानंतरही अशा पदकांच्या प्रती निघत राहिल्या, म्हणून ‘आझाद हिंदचे पदक’ असे ऐकून कोणी लगेच पैसे मोजू नयेत.

खरे आणि खोटे

मग पारख कशी करावी? अस्सल आयर्न क्रॉस सामान्यतः तीन भागांचा असतो: एक लोखंडी गाभा आणि चांदीच्या कडेचे दोन अर्धे भाग. कडेच्या बाजूने भिंग लावून पाहिल्यास झाळकामाची रेघ दिसते. स्वस्त नक्कल एकसंध ओतलेली असते, तिचे बारकावे बोथट असतात आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे असतात. गाभ्याला लोहचुंबक चिकटतो; परंतु काही अस्सल क्रूसांचा गाभा दुसऱ्या धातूचाही होता, तेव्हा चुंबक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. १९३९ नंतरच्या पदकांच्या कडीवर पुष्कळदा कारखान्याचा आकडा असतो; ६५ म्हणजे इडार-ओबरश्टाइनचा क्लाइन उंड क्वेंट्सर. पण आकडा ठोकणे लबाडालाही येतेच.

फितीसाठी अतिनील किरणांचा दिवा वापरतात. महायुद्धानंतर सर्रास वापरात आलेल्या चकाकीद्रव्यांमुळे नवा धागा त्या प्रकाशात निळसर पांढरा झळकतो. येथेही जपून! जुनी फीत आजच्या साबणचुऱ्याने धुतली, तर तीही झळकते. तात्पर्य, एका कसोटीवर विसंबू नये. घडण, वजन, झीज, फीत आणि कागदपत्रे यांचा मेळ बसला पाहिजे. आणि जुने पदक घासूनपुसून लखलखीत कधीही करू नये. त्यावरची काळिमा ही त्याच्या वयाची ग्वाही आहे.

आणखी एक फरक जाणून घ्यावा. पश्चिम जर्मनीने २६ जुलै १९५७ रोजी कायदा करून नाझी काळातील बरीचशी युद्धपदके चिन्हाशिवाय वापरण्यास परवानगी दिली. त्या आवृत्तीतील आयर्न क्रॉसवर स्वस्तिकाकृतीऐवजी ओकची पाने आहेत. ही नक्कल नव्हे. कायदेशीर उत्तरावृत्ती होय.

पदक काय सांगत नाही

सन १९१४ च्या क्रूसाची द्वितीय श्रेणी पन्नास लाखांहून अधिक सैनिकांना मिळाली. तेव्हा एकटा क्रूस दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ती कोणा एका माणसाची न विस्कटलेली पट्टी आणि तिच्यासोबतचे दाखले. व्यापारी अधिक पैशांसाठी पट्टी उसवून एकेक पदक वेगळे विकतात. तसे झाले की धातू उरतो, माणूस नाहीसा होतो.

याचे मोल एका उदाहरणाने कळेल. पहिल्या महायुद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मनीसाठी लढले आणि सुमारे बारा हजार कामी आले. १९३४ चा सन्मानक्रूस त्यांतील हयात सैनिकांनाही मिळाला. हिंडेनबुर्ग वारल्यानंतरच्या दाखल्यांवर ‘फ्यूरर आणि राइखचान्सलर यांच्या नावाने’ असे छापलेले असे. पुढे अल्पावधीतच त्याच राजवटीने यांतील कित्येकांना देशोधडीस लावले, कित्येकांना छळछावणीत मारले. क्रूस सुटा पाहिला, तर तो लाखोंतला एक. दाखल्यावरील ज्यू नावासह पाहिला, तर तो एका राज्याच्या कृतघ्नतेचा लेखी पुरावा ठरतो.

पदक शौर्याची साक्ष देते. ते शौर्य कोणाच्या कामी आले, याची साक्ष देत नाही. ती इतिहासाकडूनच घ्यावी लागते. म्हणून संग्राहकाने पेटीत पदक ठेवताना त्याच्याशेजारी त्या माणसाचे नाव, पलटण आणि काळ यांची चिठ्ठी अवश्य ठेवावी, आणि ज्या राजवटीने ते दिले तिची ओळखही न कचरता लिहावी. एवढे केले तर छंद अभ्यास होतो. न केले तर तो मोडीचा व्यापार राहतो.