दाखला काढला म्हणजे गद्दारी नव्हे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बोरिवलीच्या सोसायटीतल्या एक वहिनी संध्याकाळी घरी आल्या. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा, डावखुरा फिरकी गोलंदाज. एका आंतरशालेय सामन्यात दुसऱ्या शाळेच्या सरांनी त्याला पाहिलं आणि सांगितलं, ‘‘आमच्याकडे पाठवा, फीचं आम्ही बघतो.’’ आनंदाची बातमी होती, पण वहिनींचा चेहरा रडवेला. ‘‘आत्ताच्या सरांनी त्याला चेंडू धरायला शिकवलं हो. आता शाळेचा दाखला काढायचा म्हणजे गद्दारीच की, भाऊजी!’’

हा शब्द मी मैदानाच्या कडेला अनेकदा ऐकला आहे. शाळा बदलली की गद्दार, क्लब बदलला की गद्दार, मुंबईकडून खेळायचं सोडून दुसऱ्या राज्याकडे गेला की मोठा गद्दार. खरं सांगायचं तर उपनगरातल्या क्रिकेटचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी हा शब्द तेरा वर्षांच्या पोरासमोर उच्चारूच नये.

रोहित शर्माचंच बघा. जन्म नागपूरचा, 1987 चा. वडिलांची कमाई बेताची. आईवडील डोंबिवलीत एका खोलीत राहायचे, म्हणून रोहित बोरिवलीत आजीआजोबा आणि काकांकडे वाढला. 1999 साली काकांनी पैसे भरून त्याला क्रिकेटच्या शिबिरात घातलं. तिथे दिनेश लाड सरांनी त्याला पाहिलं आणि आपल्या स्वामी विवेकानंद शाळेत यायला सांगितलं. फी होती महिना 275 रुपये. आज ही रक्कम किरकोळ वाटेल, त्या घराला ती झेपणारी नव्हती. लाड सरांनी शाळेकडे शब्द टाकला आणि फी माफ झाली. चार वर्षं रोहितने एक पैसा भरला नाही. शाळा बदलली नसती तर पुढे काय झालं असतं, हे कोणी सांगू शकत नाही. पण जे झालं त्याची सुरुवात एका दाखल्याने झाली.

शार्दूल ठाकूरची गोष्टही त्याच शाळेची. मुलगा पालघरचा. त्याच्या शाळेच्या दिवसांत लोकल विरारलाच संपायची. डहाणूपर्यंत लोकल गेली ती 2013 साली. पालघरहून रोज गाडी पकडून, किट सांभाळत यायचं आणि परत जायचं, यात मुलाची दमछाक ठरलेली. लाड सरांनी आईवडिलांची समजूत घातली आणि त्याला स्वतःच्या घरी राहायला आणलं. सरांच्या घरचा डबा खाऊन तो खेळला. पृथ्वी शॉ विरारचा. वडिलांबरोबर लहानपणापासून वांद्र्यापर्यंत लोकलने यायचा, पुढे सांताक्रूझला राहायला आला. जेमिमा रॉड्रिग्ज भांडुपची. तिच्या घरच्यांनी मुलांच्या खेळासाठी बिऱ्हाडच वांद्र्याला हलवलं. भांडुपच्या त्या मुलीने 30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईत, विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढल्या. सबंध शहराने तो सामना पाहिला, तेव्हा त्या जुन्या बिऱ्हाडाची आठवण कोणाला झाली असेल?

पहाटे बोरिवली स्टेशनात लगेजच्या डब्यापाशी उभं राहून बघा. दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि त्यांच्यामध्ये पोराच्या खांद्याइतकी उंच किटबॅग. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवलेल्या, पाठीवर शाळेचं दप्तर वेगळं. गर्दीत बॅट मोडू नये म्हणून पोरगं बॅगेला दोन्ही हातांनी मिठी मारून उभं असतं. ज्याचं घर आझाद मैदानापासून वीस मिनिटांवर आहे आणि ज्याचं दीड तासावर, त्या दोघांची शर्यत एकाच रेषेवरून सुरू होत नाही. शाळा बदलणं, घर हलवणं, सरांकडे राहायला जाणं हे या अंतरावरचे उपाय आहेत.

‘‘गुण असेल तर कुठूनही वर येतोच,’’ असंही लोक म्हणतात. हे बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण ते खरं नाही. कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी 2016 मध्ये भंडारी चषकाच्या सामन्यात नाबाद 1009 धावा काढल्या, 327 चेंडूंत. शालेय काय, कुठल्याच नोंदवलेल्या सामन्यात तेवढी खेळी झालेली नाही. रिक्षाचालकाचा मुलगा एका दिवसात जगाला माहीत झाला, मुंबई क्रिकेट संघटनेने शिष्यवृत्ती दिली, आणि तरीही पुढची वाट सोपी झाली नाही. एका डावाने दार उघडतं, पण त्यानंतर रोजचा सराव, जेवण, प्रवास, भक्कम संघांशी सामने, 14, 16, 19 आणि 23 वर्षांखालच्या निवडी असं वर्षानुवर्षं चालतं. आपण मात्र विक्रमाचा फोटो पाहतो आणि मुलाचं भलं झालं असं धरून चालतो. त्या मुलावर आपण केवढं ओझं टाकलं, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आता राज्य बदलण्याविषयी. इथे गैरसमज फार आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

महाराष्ट्रात रणजीचे संघ तीन आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. तिन्हींच्या संघटना वेगळ्या. मुंबईची हद्द शहरापुरती नाही. पश्चिम रेल्वेवर डहाणू, इकडे बदलापूर, तिकडे खारघरपर्यंतची मुलं मुंबईची धरली जातात. म्हणजे अंधेरी, मुलुंड, घाटकोपर आणि पालघर यांची रांग एकच. ती रांग किती लांब असेल याचा अंदाज करा. आणि संघ कसला, तर 42 वेळा रणजी जिंकलेला, शेवटचं विजेतेपद मार्च 2024 मध्ये वानखेडेवर. अकरा जागांसाठी अशी गर्दी असेल तर चांगली मुलं बाहेर राहणारच. बाहेर राहिलेला मुलगा वाईट खेळाडू असतो, हा समज मनातून काढून टाका.

दुसऱ्या संघटनेकडे जायचं तर खेळाडू आपल्या संघटनेकडे ना-हरकत प्रमाणपत्र मागतो. सगळे त्याला एनओसी म्हणतात. ही शिक्षा नसते की हकालपट्टी नसते. अर्ज खेळाडूचा, मंजुरी संघटनेची. वसीम जाफर 2015 मध्ये मुंबईतून विदर्भाकडे गेला. विदर्भाने 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी जिंकली, तेव्हा तो त्या संघाच्या फलंदाजीचा कणा होता. अर्जुन तेंडुलकर 2022 मध्ये गोव्याकडे गेला आणि रणजी पदार्पणात त्याने शतक काढलं. पृथ्वी शॉ 2025 मध्ये महाराष्ट्राकडे गेला. विरारचा मुलगा ‘मुंबई सोडून महाराष्ट्रात’ गेला हे वाक्य ऐकून अनेक जण गोंधळले, ते या तीन संघटनांमुळे.

गेलेला परत येत नाही, हाही गैरसमज. सरफराज खान कुर्ल्याचा. 2009 मध्ये बारा वर्षांचा असताना त्याने हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 439 धावा काढल्या होत्या. पुढे तो उत्तर प्रदेशाकडून खेळायला गेला, मग मुंबईत परतला. परतताना त्याला एक हंगाम बाहेर बसावं लागलं. विशी गाठलेल्या फलंदाजाचं एक वर्ष वाया जाणं म्हणजे काय, ते त्याच्या घरच्यांना विचारावं. जानेवारी 2020 मध्ये त्याने वानखेडेवर नाबाद 301 धावा काढल्या, आणि समोर संघ होता उत्तर प्रदेशाचाच. यशस्वी जयस्वालने तर एप्रिल 2025 मध्ये गोव्यासाठी एनओसी मागितली, महिनाभरात विचार बदलून अर्ज मागे घेतला, आणि मुंबईने ते मान्यही केलं. हा तोच यशस्वी, जो भदोहीहून येऊन आझाद मैदानावरच्या तंबूत राहिला. त्याला निष्ठेचा अर्थ आपण काय शिकवणार?

अमेरिकेत विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये हेच वादळ अधिक मोठ्या प्रमाणावर चालू आहे. तिथलं फुटबॉल वेगळं, लंबगोल चेंडूचं. क्वार्टरबॅक हा त्यातला सूत्रधार: डाव तो पुकारतो, चेंडू कोणाकडे फेकायचा ते तो ठरवतो. विद्यापीठ बदलणाऱ्या खेळाडूला पूर्वी सहसा एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. 2018 मध्ये बदलीसाठी सामाईक नोंदणी सुरू झाली आणि 2021 पासून पहिल्या बदलीसाठी बसून राहण्याची अट गेली. तिथेही जुने चाहते म्हणतात, मुलांना निष्ठा उरली नाही. प्रशिक्षक मात्र वर्षानुवर्षं जास्त पगारासाठी विद्यापीठं बदलत होते. त्यांना कोणी बाहेर बसवलं नव्हतं.

पण अमेरिकेकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे, आणि ती आपल्या फार जवळची आहे. कृष्णवर्णीय मुलाने क्वार्टरबॅक म्हणून कितीही चमक दाखवली तरी त्याला सांगितलं जायचं, ‘‘तू धाव, चेंडू झेल. डाव पुकारणं तुला जमणार नाही.’’ मार्लिन ब्रिस्को 1968 मध्ये डेन्व्हरच्या व्यावसायिक संघासाठी त्या जागेवर उत्तम खेळला, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या संघात त्याला जागा बदलावी लागली. वॉरन मूनने 1978 मध्ये आपल्या विद्यापीठाला रोझ बोल हा मानाचा सामना जिंकून दिला, तरी व्यावसायिक संघांपैकी एकानेही त्याची निवड केली नाही. जागा बदलायला त्याने नकार दिला, सहा हंगाम कॅनडात खेळला आणि मग सन्मानाने परतला. डग विल्यम्सने जानेवारी 1988 मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला तेव्हा कुठे ‘जमणार नाही’ म्हणणाऱ्यांचा आवाज खाली आला.

अंगमेहनत तुझी, डोकं आमचं. मुंबई-पुण्याच्या क्रिकेटचं हे वाक्य अमेरिकेच्या आधी म्हणून झालं होतं.

बाळू पालवणकर यांचा जन्म 1876 चा, चांभार कुटुंबातला. पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं, जाळ्या लावणं हे काम त्यांच्याकडे होतं, महिना चार रुपयांवर. साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता ते असे डावखुरे फिरकी गोलंदाज झाले की पुण्याच्या हिंदूंना त्यांच्यावाचून इंग्रजांना हरवता येईना. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हाताळत. चहाची वेळ झाली की बाळूंना तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं पानही वेगळं. प्लेगच्या सुमारास ते मुंबईला आले, आणि हिंदू जिमखान्यानेही त्यांना घेण्याआधी खळखळ केली. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले, सरासरी 18.84. तरी कर्णधारपद नाही. वर्षामागून वर्षं हिंदू संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज बाळू, आणि नाणेफेकीला जाणारा दुसराच कोणी.

1920 मध्ये बाळूंना हिंदू संघातून वगळलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ संघाबाहेर पडले. त्या बाहेर पडण्याला तेव्हाही काहींनी फितुरी म्हटलं असेल. मला तो या खेळातला फार मोठा क्षण वाटतो. मग तडजोड झाली, बाळू उपकर्णधार झाले, आणि कर्णधार पै मैदान सोडून गेले तेवढा वेळ त्यांनी संघ सांभाळला. 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले आणि चार समाजांच्या संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याला जे मिळालं नाही ते धाकट्याने मिळवलं, पण त्यासाठी दोन दशकं लागली.

‘‘मैदानावर जात नसते,’’ असं आपण अभिमानाने म्हणतो. मैदानावर नसेल कदाचित, तंबूत होती. आज ती कुठे आहे आणि किती आहे, हे आकड्यांत सांगणारं काही आपल्या क्रिकेट मंडळाने प्रसिद्ध केलेलं नाही. अमेरिकेत कोणत्या वंशाचे किती खेळाडू आणि किती प्रशिक्षक, याचे अहवाल दर वर्षी निघतात. म्हणून तिथे वाद आकड्यांवर होतो आणि आपल्याकडे आडनावांवर. आडनावावरून कोणाच्या तरी घरात डोकावणं मला पटत नाही. पण मोजायचंच नाही आणि ‘सगळं संपलं’ म्हणायचं, हेही पटत नाही.

रोहितकडे पुन्हा येतो, कारण वहिनींना मी हीच गोष्ट शेवटी सांगितली. शाळेत आला तेव्हा तो ऑफस्पिनर होता, फलंदाजीला आठव्या क्रमांकावर. एके दिवशी लाड सरांनी त्याला बॅटने नॉकिंग करताना पाहिलं आणि विचारलं, हा कोण? मग त्याला थेट सलामीला पाठवलं. मुलाच्या कपाळावर पहिल्या दिवशी जी पट्टी चिकटली होती ती एका सरांनी काढून फेकली. बाळूंच्या नशिबी असा माणूस आला नाही.

‘‘नव्या सरांना एवढंच विचारा,’’ मी वहिनींना म्हटलं, ‘‘सामना नसलेल्या दिवशी त्याला फलंदाजी देणार का? अभ्यास मागे पडला तर काय करणार? दुखापत झाली तर फीमाफी राहणार का? आणि ते कागदावर द्या म्हणावं.’’ वहिनींनी हे चारही प्रश्न मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले.

जूनमध्ये दाखला काढला. जुन्या सरांकडे दोघं पेढे घेऊन गेले तेव्हा मीही बरोबर होतो. सरांनी पेढा खाल्ला, हात पुसले आणि पोराला म्हणाले, ‘‘चेंडू दाखव रे.’’ त्याने खिशातून काढून बोटांत धरला. सरांनी त्याची पहिली दोन बोटं शिवणीवर जराशी फाकवली आणि म्हणाले, ‘‘तिकडेही असंच धर. सुट्टीच्या दिवशी इकडे ये.’’